दिवाणजींचा उजवा डोळा

आमच्या घरातल्या दिवाणजींचा उजवा डोळा काढून टाका, असं मी एका सरकारी डॉक्टरला पूर्ण शुद्धीवर असताना सांगितलं आहे. ‘अर्धवट नको, सगळा काढा,’ असंही वर बजावलं आहे.

घाबरू नका! दिवाणजी म्हणजे कुत्रा.

(लग्नाआधी मीही फसले होते. ह्यांच्या पत्रात असायचं, ‘घरी वडील, आई आणि दिवाणजी. दिवाणजी स्वभावाने जरा तापट, पण ओळख झाली की जीव लावतात.’ साताऱ्याहून गाड्या बदलत बदलत मी कुंभकोणम्‌ला पोचले, माप ओलांडलं, आणि मामंजी म्हणाले, “दिवाणजी येताहेत, वाट द्या.” मी घाईघाईने डोक्यावरून पदर घेतला आणि नमस्काराला वाकले. समोर चार पाय! दिवाणजींनी माझं नाक चाटलं. सासरी मिळालेला पहिला आशीर्वाद तो.)

मामंजींचे खापरपणजोबा तंजावरच्या दरबारात कारकून होते. पुढे दरबार गेला, कारकुनी गेली, मराठी तेवढी घरात राहिली. तीही खापरपणजोबांचीच! “सूनबाई, भोजन जाहलें?” असं मामंजींनी विचारलं की उत्तराखाली ‘मोर्तब सुद’ म्हणावं की काय, असं मला वाटे. आणि घराचा उंबरा ओलांडला की तमिळ. गल्लीत मामंजींना सगळे ‘रायर’ म्हणत.

सात आठवड्यांत मला तमिळचे सहा शब्द येत होते. आमाम् म्हणजे हो, वेण्डाम् म्हणजे नको, पोदुम् म्हणजे पुरे, कोंजम् म्हणजे थोडं, एडु म्हणजे घे किंवा काढ, आणि मुळुसा म्हणजे सगळं. हा शेवटचा भोपळेवालीने शिकवला. ‘फोड देऊ की मुळुसा?’ एवढ्या भांडवलावर मी संसार थाटला होता! हे चोळपुरम्‌ला मास्तर, सकाळी जात ते संध्याकाळी येत. दिवसभर माझ्याशी तमिळ किंवा बखरीतलं मराठी न बोलणारा घरात एकच जीव होता. तो शेपटी हलवायचा, आणि ती मला अगदी साताऱ्याच्या वळणाने कळायची. माझा त्याच्यावर फार जीव जडला होता. म्हणूनच तर घोटाळा झाला.

त्या शनिवारी मामंजींचं अभ्यंग झालं. कुंभकोणम्‌मध्ये शनिवारी पुरुषमाणसांनी अंगाला तेल लावून न्हायचं, हा नियम सूर्य उगवण्याइतका पक्का. मामंजी न्हाऊन देवळात गेले आणि विहिरीपाशी वाटीत शिकेकाई उरली. दिवाणजींना पिसवा झालेल्या. मी मनात म्हटलं, दिवाणजी पुरुषमाणूसच की! ओढला विहिरीवर आणि लावली शिकेकाई डोक्यापासून शेपटीपर्यंत. त्याने एकदाच डोकं झाडलं, केविलवाणा ‘कुंई’ केला, आणि उजवा डोळा मिटून न्हाणीमागे पसार झाला.

दुपारपर्यंत डोळा लाल! पाणी गळतंय, दिवाणजी पंजाने खसाखसा चोळतायत.

मामंजींनी त्याचं तोंड ओंजळीत धरलं. “सूनबाई, दिवाणांचे नेत्रास काय जाहलें?”

आता इथे खरं बोलायला काय हरकत होती? पण सात आठवड्यांच्या सुनेच्या अंगी धैर्य असतं थोडंच! “काही कल्पना नाही, मामंजी,” मी म्हणाले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. इथे कुसळही मीच घातलेलं होतं.

मामंजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, “दिवाणांचा डोळा उघडेतों आम्ही कापी घेणार नाही.”

सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. कुंभकोणम्‌मध्ये माणूस एकवेळ एकादशीला जेवेल, पण कॉफी सोडणार नाही. मामंजींना दिवसाला चार वेळा लागायची आणि पाचव्यांदा वास तरी लागायचा. तासाभरात त्यांनी कपाळाला फडकं बांधलं.

मग उपाय सुरू झाले. डोळ्यांत तेल घालून जपणं ही मराठीत नुसती बोलायची रीत आहे, अशी माझी समजूत होती. सासूबाईंनी खरंच एरंडेलाची वाटी आणली! “बहुत थंड असतें गे, घाल दोन थेंब.” एक थेंब डोळ्यात गेला, दुसरा माझ्या पदरावर, आणि वाटी दिवाणजींनी चाटून साफ केली. (एरंडेलाचे पुढचे परिणाम सांगत नाही. अंगण मीच धुतलं.) नंतर तगरीचं फूल डोळ्यावर ठेवून फडक्याने बांधलं. दिवाणजींनी फडकं फाडलं आणि पुन्हा डोळा चोळला. तो आता सुजून गुलाबजामाएवढा झाला होता.

एवढ्यात शेजारच्या अलमेलू मामी डोकावल्या. दिवाणजींकडे पाहून गालावर हात मारत ओरडल्या, “अय्यय्यो! कण्णु पट्टुडुत्तु!”

मला ऐकू आलं ते असं: कण पडला! हिला कसं कळलं? ही विहिरीवर बघत होती की काय?

(तमिळमध्ये ‘कण्णु’ म्हणजे डोळा, आणि मामी म्हणत होत्या की दृष्ट लागली. हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी मनाशी नोंद केली: कण म्हणजे कण्णु. वा, सातवा शब्द!)

मला वाटलं, आता मामी माझं नाव घेणार. त्याऐवजी त्यांनी मीठ-मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या मागितल्या, दिवाणजींवरून तीनदा उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या! मिरच्यांच्या धुराचा खाट उठला नाही तर दृष्ट लागलेली, असा हिशेब असतो. इथे असा खाट उठला की मामी पायरीवर बसून खोकू लागल्या, सासूबाईंना बोलवेना, कॉफीवाचून अर्धमेले झालेले मामंजी ‘पुरे! पुरे!’ करत परसात धावले. दिवाणजींचा डावा डोळाही वाहू लागला. दृष्टबिष्ट काही नाही, हे सगळ्यांना कळलं. मला आधीपासूनच ठाऊक होतं! संध्याकाळी हे घरी आले, तर दारातच शिंकायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींनी दूधभाताला तोंड लावलं नाही. मी हाक मारली तर शेपटी हलली, पण एकदाच. मला गलबलून आलं. हा डोळा गेला तर? माझ्यामुळे? रविवार असूनही ह्यांना परीक्षेच्या कामाला जाणं भाग होतं. मी मामंजींना म्हणाले, “आपण ह्याला डॉक्टरकडे नेऊ या. आत्ताच.”

गुरांच्या दवाखान्याला तिथे माट्टास्पत्री म्हणतात; रविवारीही तो सकाळी उघडा असे. घोडागाडीवाला आधी कुत्रं घ्यायला तयार नव्हता, पण कपाळाला फडकं बांधलेले रायर बघून त्याला वाटलं आजारी तेच आहेत. दवाखान्याच्या दारात मामंजी थबकले. त्यांना कुणाला सुई टोचलेली बघवत नसे. “आपण आंत जावें, सूनबाई,” असं म्हणून ते कडुनिंबाखाली उपरणं तोंडावर घेऊन बसले. मी दिवाणजींना उचललं आणि मनातल्या मनात सातही शब्द घोकत आत गेले.

“एन्न आच्चु?” डॉक्टरांनी विचारलं. काय झालं म्हणून विचारतायत, एवढं मला कळलं.

“कण्णु!” मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली. दिसतच होता.

“कण्णु एडुंगो!” मी ठणकावून सांगितलं. कण काढा!

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला आणि त्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कण्ण एडुक्कणुमा?”

“आमाम्!”

“मुळुसा?”

केवढा आनंद झाला मला! ओळखीचा शब्द! “मुळुसा! कोंजम् वेण्डाम्!” सगळा, थोडाथोडका नको!

डॉक्टर सावकाश दोन लांब वाक्यं बोलले. मला एक अक्षर कळलं नाही, पण गृहस्थ सभ्य दिसत होते, म्हणून दोन्हीला मी हसून ‘आमाम्’ म्हटलं. (पहिलं वाक्य होतं: ‘ह्या मुक्या जनावराने तुमचं काही वाईट केलं का?’ दुसरं: ‘तुमची प्रकृती बरी असते ना?’)

त्यांनी दिवाणजींना माझ्या हातून हळूच काढून घेतलं आणि म्हाताऱ्या कंपाउंडरच्या कानात काहीतरी सांगितलं. कंपाउंडर बाहेर धावला. दुसऱ्या क्षणाला मामंजी आत! उपरणं एका खांद्यावर, कपाळावरचं फडकं डोळ्यांवर आलेलं.

“सूनबाई! हा काय अनर्थ आरंभिला! दिवाणांचा डोळा काढावयास सांगतां?”

“डोळा नाही, मामंजी! कण! डोळ्यातला कण!”

“कण्णु म्हणजेच डोळा!”

डोळे पांढरे होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मग सगळंच बाहेर पडलं, आसवांसकट. “माझंच चुकलं, मामंजी. मी काल ह्याला शिकेकाईने न्हाऊ घातलं. तिचाच कण गेलाय. मी भिऊन बोलले नाही. पण ह्याचा डोळा नका हो काढू देऊ!”

मामंजींनी डॉक्टरांना सगळं तमिळमध्ये सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज कापायला लागला. मला वाटलं, संतापाने. वर बघते तर मामंजींनी उपरण्याचा बोळा तोंडात धरलेला! डॉक्टर टेबलाला धरून हसत होते आणि कंपाउंडर पुन्हा बाहेर गेला होता, बहुधा बाकीच्यांना सांगायला.

हसून झाल्यावर डॉक्टरांनी विजेरी लावली, पापणी उलटी केली आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याची बारीक धार सोडली. तिसऱ्या धारेला शिकेकाईची एक तपकिरी कणी घरंगळत बाहेर आली. दिवाणजींनी चोवीस तासांत पहिल्यांदा तो डोळा किलकिला केला. त्या फटीतून त्याने पहिल्यांदा पाहिलं ते मला, आणि तरीही शेपटी हलवली! मी पुन्हा रडायला लागले.

“आणखी काय घातलंत डोळ्यात?” डॉक्टरांनी विचारलं. मामंजींनी एरंडेल, तगर आणि मिरच्यांचा धूर अशी यादी दिली. डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी एकेक वाक्य बोलायचं आणि मामंजींनी ते माझ्यासाठी खापरपणजोबांच्या मराठीत आणायचं, असं चाललं. घरातलं तेल-फूल काही घालायचं नाही. काही गेलंच तर लगेच स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं, चोळायचं नाही, त्यालाही चोळू द्यायचं नाही. डोळा मिटलेला राहिला तर वाट न बघता इकडे यायचं. आत थोडा ओरखडा आहे, मलम देतो, चार दिवसांनी दाखवा. शेवटचं वाक्य मामंजींनी बराच वेळ घोळवलं. “आणि येते समयीं, सूनबाई, बोलण्याचें काम आम्हांवर सोंपवावें.”

चोळू नये म्हणून वेताच्या जुन्या टोपलीचा तळ कापून ती दिवाणजींच्या गळ्यात अडकवली. सासूबाई म्हणाल्या, “आतां खरा दिवाण दिसतो गे!” तिसऱ्या दिवशी सकाळी डोळा लख्ख उघडला. मी कॉफी करून मामंजींसमोर ठेवली. त्यांनी आधी दिवाणजींना विचारलं, “आज्ञा आहे?” मग पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि मला समोर बसवलं.

“सूनबाई, आजपासून रोज सकाळीं तमिळ. हें काय?” त्यांनी दिवाणजींच्या डोळ्याकडे बोट दाखवलं.

“कण्णु,” मी म्हणाले.

“आणि तें आपण काय करावयाचें नाही?”

“एडु!”

पुढे मी तमिळ इतकं शिकले की अलमेलू मामींशी भांडूही लागले. पण आमच्या गल्लीत कुणाच्या डोळ्यात कचरा गेला, तर तो आधी ‘रायरांची सून जवळपास नाही ना’ हे बघायचा आणि मगच डोळा उघडायचा. दिवाणजींनी मात्र मला मनापासून माफ केलं. पुढची नऊ वर्षं तो रोज दुपारी माझ्याच पायाशी झोपला. फक्त एक डोळा उघडा ठेवून. उजवा.