आधी ए-ला विचारणारे नंदई

आमच्या नंदईंइतक्या नेमाने वस्तू शोधणारा, आणि त्या नेमापायीच वस्तू लवकर सापडू न देणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. हे मी रागाने म्हणत नाही. नणंदेच्या नवऱ्यावर रागावून मी जाणार कुठे? पण खरं ते खरं. त्यांचा चष्मा टीव्हीवर असतो. मला दिसतो, नणंदबाई बोट करून दाखवतात, "थो का तिथं!" तरी हा गृहस्थ आधी गोठ्यात जाणार, मग न्हाणीत, मग चुलीपाशी, मग देवाच्या फळीवर, आणि टीव्हीची पाळी आली की मगच चष्मा उचलणार. मी एकदा विचारलं, "भाऊजी, समोर दिसून राहिला, मग उचलत काऊन नाही?" तर म्हणाले, "वयनी, आज टीव्हीवर आहे. उद्या नसला तर? शोधाची सवय मोडाले नको." आता चष्म्याशिवाय त्यांना चष्मा दिसतो कसा, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही, कारण ते समजावून सांगतात.

फोनवरही तसंच. त्यांचा फोन आला की आधी आमच्या सासऱ्यांची विचारपूस. "मामाजी तर आता नाहीत." मी म्हणते, "नाहीत जी." ज्यांना यांनी स्वतः खांदा दिला, ते नाहीत हे यांना मी सांगायचं! मग, "सासूबाईही नाहीत." "त्याही नाहीत जी." मग थोडं थांबून, समाधानाने, "बरं, मंग भाऊ कसे आहेत?" असं करत करत माझ्या मालकांवरून माझ्यावर, माझ्यावरून पोरांवर, पोरांवरून म्हशीवर. गड्याने फोन कशासाठी केला ते शेवटच्या वाक्यात कळतं. एकदा तर म्हशीची विचारपूस झाल्यावर म्हणाले, "आणि हो, तुमच्या घराकडे धूर निघून राहिला असं इकडे कोनी सांगत होता." नशीब, शेजारी पालापाचोळा जाळत होते. मी विचारलं, "हे आधी नाही सांगाचं काय?" तर म्हणे, "मोठ्यांले सोडून एकदम धुरावर कसा येऊ?"

असा माणूस पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झाला. निवृत्त झाल्यावर लोक बांधावर जाऊन बसतात, भजनात झांजा वाजवतात. यांनी गोंदियाला जाऊन कुठल्याशा कोचिंग क्लासने भंगारात काढलेले जुने कॉम्प्युटर आणले. तांदळाची पोती लादलेल्या गाडीतून, पोत्यांवर बसवून. त्यांच्या गावी, अर्जुनीत, उतरवले तेव्हा नणंदबाईंनी कपाळावर हात मारला. "हे डब्बे कायले आनले बाप्पा? कोंबड्या ठेवता काय यात?" भाऊजी म्हणाले, "यांच्यात जीव आहे." आणि जीव होता, नाही असं नाही. बटण दाबलं की पिठाच्या गिरणीसारखा आवाज काढून ते सुरू व्हायचे. कोणता किती वेळाने, ते ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर.

आता मूळ भानगड सांगते, मला जितकी कळली तितकी. पेनड्राइव्ह म्हणून एक बोटाएवढी वस्तू असते, तिच्यात कागद साठवतात. ती कॉम्प्युटरला लावली की कॉम्प्युटर तिला एक इंग्रजी अक्षर देतो. पण एका कॉम्प्युटरला लावली तर ई देतो, दुसऱ्याला लावली तर एफ, तिसऱ्याला जी. वस्तू तीच, नाव रोज नवं. भाऊजींना हे सहन होईना. "अक्षर म्हणजे भाड्याची खोली आहे, वयनी. आज इथं, उद्या तिथं. अक्षरावर भरोसा करू नये, मानसावर करावा." म्हणून त्यांनी त्या पेनड्राइव्हात एक रिकामी फाईल ठेवली, तिचं नाव 'हाजर'. आणि कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यासाठी एक आज्ञा लिहिली, तिला ते बॅच फाईल म्हणतात. ती आज्ञा चालवली की यंत्र एकेका अक्षराच्या दारात जाऊन विचारणार, तुझ्याकडे हाजर आहे का? नाही? पुढे चला. ज्याच्याकडे सापडली, ती आपली पेनड्राइव्ह.

मी म्हटलं, "फाईल रिकामी आहे तर उघडाची कायले?"

"उघडाची नाही, वयनी. आहे का तेवढंच पाहाचं."

"पन तिच्यात काही नाही ना?"

"नाही."

"मग सापडून फायदा काय?"

ते माझ्याकडे फार दयेने बघत राहिले. मग नणंदबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले आणि फळीवरचे डबे खाली काढून मला दाखवू लागले. हा हळदीचा डबा म्हणजे सी, हा जिऱ्याचा म्हणजे डी, आता मधे चहापत्ती घुसली तर मीठ कुठं गेलं? मी म्हटलं, मीठ जिथल्या तिथंच आहे. म्हणाले, "तेच तर नाही!" आणि खरंच नव्हतं. त्या समजावणीनंतर नणंदबाईंच्या घरची भाजी कितीतरी दिवस अळणी होती. मीठ शेवटी शेवयांच्या डब्यामागे निघालं. शोधलं नणंदबाईंनी, एकदम हात घालून, कोणत्याही डब्याला न विचारता.

इथपर्यंत सगळी घरातली गंमत होती. पण मग त्यांच्या सुनेने अर्जुनीच्या बसस्टँडजवळ दुकान टाकलं. टायपिंग, प्रिंट, झेरॉक्स. सून म्हणजे निर्मला, मोठी कामाची पोरगी. तिचा नवरा, म्हणजे भाऊजींचा मुलगा, नागपूरला कंपनीत. तो सारखा म्हणायचा, तूही इकडे ये. आणि ती म्हणायची, इथं दुकान चाललं तर मी अर्जुनीतच राहीन, आत्याबाई-मामाजींना, म्हणजे सासू-सासऱ्यांना, एकटं टाकणार नाही. तेव्हा त्या दुकानावर नुसतं दुकान उभं नव्हतं, भाऊजींच्या घरातली संध्याकाळची चूल उभी होती. नवीन यंत्रं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून भाऊजींचे ते गिरणीवाले डब्बे तिथे गेले, आणि त्यांच्याबरोबर बॅच फाईल. अर्जांचे सगळे नमुने एकाच पेनड्राइव्हात. प्रिंटर एकाच यंत्राला. म्हणजे या यंत्रावर टाईप केलं की पेनड्राइव्ह उपटून त्या यंत्राला लावायची आणि दर वेळेस भाऊजींची ती दारोदार विचारपूस.

आणि इथेच सगळं अडलं. कारण भाऊजींची विचारपूस ए-पासून सुरू व्हायची.

मी आधी समजत होते की कॉम्प्युटरात सी-पासूनच अक्षरं असतात. इंग्रजी मला येत नाही, म्हटलं असेल त्यांची काही रीत. पण नाही. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपी नावाच्या चपट्या तबकड्यांची. त्या तबकड्या आता कोणी वापरत नाही, मिळतही नाहीत. पण त्यांची अक्षरं दुसऱ्या कोणाला देत नाहीत, जागा तशाच राखून ठेवलेल्या. ए-ला निदान तोंड तरी होतं, यंत्राच्या पुढे एक चीर होती. बॅच फाईल तिथे विचारायला गेली की ती रिकामी चीर खर्र खर्र करायची, म्हाताऱ्या माणसाने खाकरावं तशी, आणि पडद्यावर इंग्रजीत येई की तबकडी नाही, आता काय करू? तिथे एफ दाबलं तर गाडी पुढे, आर दाबलं तर परत पहिल्यापासून, आणि चुकून ए दाबलं तर सगळंच बंद. बी-ची तऱ्हा त्याहून न्यारी. तिला तोंडच नाही, तरी यंत्र म्हणे, बी-मधे तबकडी घाला आणि कोणतंही बटण दाबा. कुठं घाला? मी यंत्राभोवती फिरून पाहिलं. मागे पंखा होता आणि पाल होती.

निर्मला घाबरून हाक मारायची, "मामाजी, अटकला जी!" मग मागच्या खुर्चीवरून भाऊजी उठणार, पँट वर ओढणार, गिऱ्हाईकाला म्हणणार, "घाबरू नका, मोठ्यांले विचारून राहिला," आणि एफ दाबून झालं की त्याला फ्लॉपीपासून सगळा इतिहास सांगणार. एका बाईला शाळेच्या दाखल्याचा अर्ज टाईप करून पाहिजे होता, नवेगावची एसटी लागलेली. ती म्हणाली, "काकाजी, माझी बस हालून राहिली, तुमचे मोठे कधी उठतेत?" भाऊजी म्हणाले, "बसा बाई, दुसरी येईल." ती बसली नाही. समोर काचेचं नवीन दुकान उघडलं होतं, तिथे गेली. मग तिच्यामागे एकेक करत बाकीचेही जाऊ लागले.

"मामाजी, सी-पासून सुरू करा ना," निर्मला म्हणाली. मी तेव्हा दुकानातच होते, मालकांच्या आधारची झेरॉक्स काढायला आले होते.

"आनि ए-ले वगळू? अक्तीच्या सनाले पितरांचं पान आधी वाढता की नाही? का ते येत नाहीत म्हनून आपनच आधी जेवता?"

"मामाजी, मले दुकान चालवाचं आहे, पितर जेववाचे नाहीत!" पोरगी बोलून गेली आणि तिचेच डोळे भरले. "दुकान चाललं नाही तर मले नागपूरलेच जा लागन. मंग आत्याबाईच्या गुडघ्याले तेल तुम्ही लावसान, का ए-ले सांगसान?"

मला वाटलं, आता भाऊजी उठून घरी जातील आणि चार दिवस जेवणार नाहीत. पण त्यांनी माझ्यापुढे स्टूल सरकवलं आणि म्हणाले, "वयनी, बसा इथं. घरचं मोठं मानूस कोनी पाहिजे." मग त्यांनी काळ्या पडद्यावर त्या आज्ञेची ओळ उघडली. मला तिच्यातली फक्त अक्षरं कळली, एकामागे एक उभी, पंगतीत बसल्यासारखी. पहिल्या अक्षराच्या आधी एक बारीक काडी लुकलुकत होती. भाऊजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एक बटण दाबलं. ए गेला. आणखी दाबलं. बी गेला. पंगत पुढे सरकून बसली, सी सगळ्यात आधी. मला काही कळेना की आता अभिनंदन करावं, की समाचाराला आल्यासारखं गप्प बसावं. मी आपली म्हटलं, "चहा सांगू काय?" ते म्हणाले, "सांगा." आणि टोपी घालायची विसरले.

त्यानंतर दुकान चालू लागलं, ते चांगलंच. पेनड्राइव्ह लावली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडते. बायापोरी येतात, कागद घेतात, बस पकडतात. समोरचं काचेचं दुकान अजून आहे, पण इकडेही रांग असते. निर्मला अर्जुनीतच राहिली, नवराच आता शनिवारी येतो. नणंदबाईंचे गुडघे जरा बरे आहेत. सगळं चांगलं झालं, आणि तरी मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा भाऊजी मागच्या खुर्चीवर असे बसले होते, जसं लग्नघरी काम संपलेला माणूस बसतो. कोणी हाक मारत नव्हतं. यंत्र अडत नव्हतं, मग मारणार कशाला? गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाहून नमस्कार करून निघून जात होतं.

"कसं काय भाऊजी?" मी विचारलं.

"मस्त आहे, वयनी. आता कोनीच अटकत नाही."

हे आनंदाने म्हणतात की कसं, ते मला कळेना. निर्मला प्रिंटरपाशी होती, तिने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागली. बाहेर माझी नवेगावची एसटी लागली होती, कंडक्टर हाका मारून राहिला होता. माझी पिशवी खांद्यावर होती, झेरॉक्स हातात होती. मी पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीजवळ बसले.

"भाऊजी," मी म्हटलं, "ती रिकामी फाईल कायले ठेवता, ते मले अजून समजलं नाही."

भाऊजींनी आधी दाराकडे पाहिलं, मग एसटीकडे. "गाडी जाईल ना, वयनी."

"जाऊ द्या. दुसरी येईल."

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली.