धनुष्याचं पोट

त्या संग्रहालयाच्या दारात एक खिडकी होती आणि खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती. पण तिथल्या बाई संग्रहालय कधी उघडतं आणि कधी बंद होतं यापलीकडे काही सांगत नसत. खरी चौकशी बसायची तळघरात, सुतारकामाच्या खोलीत. तिथल्या मिस्त्रीचं टोपणनावच 'चौकशी' पडलं होतं. या माणसाला प्रश्न विचारायची खोडच होती. दाताच्या डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं तरी हा आधी त्याच्या हातातलं अवजार कशाचं आहे ते विचारून घ्यायचा. बायको म्हणायची, "अहो, त्याला तुमचा दात बघू द्या, तुम्ही त्याचं दुकान काय बघताय!"

पण या खोडीवरच त्याचं पोट होतं. संग्रहालयातल्या वस्तूंसाठी स्टँड बनवणं हे त्याचं काम. वस्तूला ओरखडा येता कामा नये, ती हलता कामा नये, आणि बघणाऱ्याला स्टँड दिसताही कामा नये. म्हणजे काम उत्तम झालं तर ते कुणाच्याच नजरेत भरायचं नाही, अशी ही विचित्र कारागिरी. मिस्त्रीचं म्हणणं असं, की वस्तू माणसाच्या हातात कशी बसत होती हे कळल्याशिवाय ती स्टँडवर बसत नाही. म्हणून तो विचारायचा. उजव्या हातात की डाव्या? खांद्याला टेकवून की कमरेला? उत्तर मिळालं नाही की रंधा खाली ठेवून बसायचा, मग वरचे साहेब कितीही घाई करोत.

यंदा नवं दालन निघालं होतं, लांबून मारायच्या शस्त्रांचं. दालन नव्याने आलेल्या मॅडमकडे होतं. वयाने मिस्त्रीच्या मुलीएवढी, पण प्रश्नाला न कंटाळणारी, त्यामुळे दोघांचं मेतकूट पहिल्याच आठवड्यात जमलं.

आधी आली गोफण. टेबलावर ठेवली तर नुसती दोरी.

"हिला स्टँड काय करू? हात काढून घेतला तर ही काहीच नाही," मिस्त्री म्हणाला.

मॅडमने शेजारी शिशाच्या चार गोळ्या ठेवल्या, बदामाएवढ्या. एकीवर ग्रीक अक्षरं कोरलेली होती.

"काय लिहिलंय?"

"झेल!"

मिस्त्री इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. दोन हजार वर्षांपूर्वी माणूस जीव घेताना चेष्टा करत होता! मग हसू ओसरलं आणि त्याने विचारलं, "ज्याला लागली, त्याला वाचता येत असेल का हो?"

असं एकेक येत गेलं. भाला लांब जावा म्हणून त्याच्या मागे लावायची आकडेदार काठी आली. लाकडी दस्त्याचं आडवं धनुष्य आलं, ज्याची दोरी खटक्यात अडकून राहायची आणि माणूस निवांत नेम धरायचा. मॅडमने सांगितलं, की चांगला तिरंदाज घडायला लहानपणापासूनची वर्षं लागायची; या आडव्या धनुष्यावर काही आठवड्यांत कुणीही हात बसवावा. मग तोड्याची बंदूक आली. हिला डागायचं म्हणजे जळती वात सांभाळायची, पाऊस आला की सगळं मुसळ केरात.

"आणि एक गोळी ठासून होईपर्यंत तिरंदाज किती बाण सोडत असेल?"

"पाच-सहा तरी."

"मग तरी बंदूकच कशी जिंकली?"

"शिकवायला सोपी. आणि चिलखताला जुमानत नव्हती."

मिस्त्रीने मान हलवली, पण त्याला ते फारसं रुचलं नाही. हातातलं कसब हळूहळू निघून वस्तूत जाऊन बसलं, असा त्याचा हिशेब झाला. हात जितका अडाणी, तितकं शस्त्र हुशार. तोफेच्या गोळ्यांपाशी त्याने शेवटचं विचारलं, की तोफ डागणाऱ्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा का. मॅडम म्हणाली, बहुतेक वेळा भिंतच दिसत असणार.

राहता राहिलं धनुष्य. ते बघून मिस्त्रीची कळी खुलायच्या ऐवजी तोंड उतरलं.

हे धनुष्य तो चांगलं ओळखत होता. लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू एकावर एक चिकटवून केलेलं, दोन्ही टोकं कमानीसारखी आत वळलेली. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानेच त्याला स्टँड केला होता. तेव्हा अशी दोन धनुष्यं होती, जोडीची. साहेबांना एकाची दोरी ताणून लावलेली हवी होती. दोरी चढवायचं काम मिळालं संग्रहालयाच्या दुरुस्तीकाराला, जो मिस्त्रीचा धाकटा मेव्हणा होता. फुटलेली मडकी तो अशी जोडायचा की भेग शोधावी लागे. सगळे त्याला 'वैद्य' म्हणत. मिस्त्रीने धनुष्य धरायला लाकडी साचा करून दिला, वैद्याने दोरी ओढली, आणि काडकन आवाज होऊन धनुष्य मधोमध गेलं.

चौकशी बसली. निष्काळजीपणाने जादा जोर लावला, असा निकाल झाला, आणि जन्मभर मडकी जोडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर खापर फुटलं. मिस्त्रीचीही साक्ष झाली. "आवाज आला तेव्हा दोरी त्याच्या हातात होती," एवढंच तो म्हणाला. खोटं काहीच नव्हतं. सही करून तो मोकळा झाला. वैद्याने महिन्याभरात नोकरी सोडली आणि बहिणीच्या घरी येणंही सोडलं. आता तो एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम करत होता. मिस्त्रीच्या घरात त्याचा विषय निघाला की बायको ताटल्या जरा जोरात ठेवायची, आणि विषय तिथेच संपायचा.

"उद्घाटनाला याची दोरी चढवलेली हवी असं साहेब म्हणतायत," मॅडम म्हणाली. "साचा कराल?"

मिस्त्री हो म्हणाला, पण हात चालेना. यावेळी चूक नको म्हणून त्याने जुनी नोंदवही मागून घेतली. धनुष्यापुढे एकच ओळ होती: 'शिंग पोटाला, स्नायू पाठीला.' एकोणीस वर्षांपूर्वीही त्याने हीच ओळ वाचली होती. पोट म्हणजे पुढे आलेली बाजू, बाकदार, हे सांगायला कोण कशाला हवं? म्हणून शिंग फुगीर बाजूला, बाहेर ठेवून त्याने साचा केला होता. धनुष्य आधीच तसं वळलेलं होतं, म्हणजे बरोबरच होतं.

पण आता त्याच्या डोक्यात सुतार जागा झाला. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. स्नायू म्हणजे ताण सोसणारी चीज. शहाणा कारागीर ती बाहेरून लावेल. शिंग दाब सोसतं, ताणलं की तडकतं. मग ज्याने हे केलं त्याने शिंग बाहेर कशाला ठेवलं? इतकं देखणं काम करणारा माणूस असा वेडा कसा असेल?

जिने चढून तो मॅडमकडे गेला. धाप लागली होती तरी बसला नाही.

"धनुष्याचं पोट म्हणजे कुठली बाजू?"

"धरणाऱ्याकडची. आपण एखाद्याला पोटाशी धरतो ना, तशी. पाठ असते शत्रूकडे."

"शत्रूला पाठ दाखवून लढतं म्हणता!" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

मॅडम हसली. "हो ना. आणि अशी धनुष्यं दोरी उतरवली की पार उलट्या दिशेला वळून बसतात. दोरी लावायची तर पूर्ण उलटं वाकवावं लागतं. ज्याला माहीत नाही तो हमखास फसतो. काय झालं, मिस्त्री?"

मिस्त्रीने खुर्चीची पाठ धरली. वैद्याने जोर लावलाच नव्हता. जगातला कुठलाही हलका हात तिथे असता तरी ते धनुष्य मोडलंच असतं, कारण मिस्त्रीने ते उलटं धरून दिलं होतं.

त्याने मॅडमला सगळं सांगितलं. ती म्हणाली, की या धनुष्याला आता कुठल्याच बाजूने दोरी लावायची नाही, ते थकलंय; साहेबांना ती समजावेल. धनुष्य वाचलं. मिस्त्रीला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. आता मॅडमशिवाय कुणाला कळणारही नव्हतं. दोरी उतरवलेलं धनुष्य नव्या स्टँडवर पाठ-पोट बरोबर करून ठेवलं की प्रकरण मिटलं. जुन्या फायली कोण उघडतंय?

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला.

"हे तुम्ही मला काय सांगताय?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला सांगा ना!"

"तू चल बरोबर."

"मी नाही यायची. मी आले की तो माझ्याकडे बघून तुम्हाला सोडून देईल."

रविवारी सकाळी मिस्त्री एकटाच गेला. खिशात साहेबांच्या नावाने लिहिलेला कागद होता. तिसऱ्या मजल्यावर वैद्याने दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. केस पांढरे झाले होते.

"ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी तुझ्याकडेच आलोय."

"या, भाऊजी."

वैद्याने पाणी आणलं. प्याला त्याने दोन्ही हातांनी धरून आणला आणि टेबलावर टेकला तरी लगेच सोडला नाही. मिस्त्रीने ते पाहिलं. हेच हात अंड्याच्या कवचाएवढ्या पातळ खापऱ्या जोडायचे.

मिस्त्रीने सांगायला सुरुवात केली. पोट, पाठ, शिंग, स्नायू. बोलता बोलता तो अडखळत होता, पण वैद्य मात्र टेबलावर पुढे वाकत चालला होता. त्याने शेजारची प्लास्टिकची पट्टी उचलली, वाकवली, उलटी करून पुन्हा वाकवली.

"म्हणजे शिंग बाहेर होतं."

"बाहेर होतं."

"म्हणजे मी जोर लावला नव्हता."

"नाही."

"मला तेव्हाही वाटत होतं, की मी लावला नाही." वैद्य पट्टीकडेच बघत होता. "पण मोडलं तर खरं, माझ्याच हातात. मग वाटलं, आपल्याला कळत नसेल. आपल्या हातांना कळत नसेल. एकोणीस वर्षं मी काचेची वस्तू धरायला घाबरतोय, भाऊजी. नातीला उचलून घेत नाही."

मिस्त्रीला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

"तुम्ही तर बुटाच्या नाडीचीसुद्धा चौकशी करता," वैद्य म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी सगळे मला धारेवर धरत होते, तेव्हा एकदा विचारायचं होतंत, की हे मोडलं कशामुळे. तुम्हीच कसं विचारलं नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर मिस्त्रीकडे होतं. बरीच वर्षं होतं.

"भीती वाटली," तो म्हणाला. "विचारलं असतं तर उत्तर फिरून माझ्याकडेच आलं असतं."

वैद्याने मान हलवली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मिस्त्रीने खिशातला कागद काढून पुढे केला. "उद्या साहेबांना देणार आहे. फाईलला लावा म्हणून सांगणार आहे."

वैद्याने चष्मा लावला आणि कागद सावकाश वाचला. एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं.

"'आमच्याकडून अनवधानाने चूक झाली.'" त्याने वर बघितलं. "आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?"

लिहिताना मिस्त्रीला ते खटकलं नव्हतं. अर्जात असंच लिहितात.

वैद्य उठला. आतून एक कोरा कागद आणि पेन घेऊन आला, ते मिस्त्रीपुढे ठेवलं आणि समोर बसला. मिस्त्रीने सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा लिहून काढला. त्या ओळीशी आल्यावर त्याने 'माझ्याकडून' असं लिहिलं, 'अनवधानाने' गाळलं, आणि खाली सही केली. वैद्याने तो वाचला, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला.

"हा उद्या मी देणार," तो म्हणाला. "तुम्ही नुसते माझ्या शेजारी उभे राहा."