मच्छरदाणीतली चिलटं

काचबिंदूचे थेंब बदलून देताना हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तुमचा चष्मा जाड, आतला पडदा पातळ. या थेंबांनी बाहुली आकसते, क्वचित पडद्यावर ताण येतो. डोळ्यात वीज चमकली, काळे ठिपके दिसले, की लगेच या." मी मान डोलावली. जन्मभर शाळेत सूचना दिल्या. ऐकायची सवय मला नाही.

आठ दिवसांनी सेनगावजवळच्या आमच्या गावात सोयाबीनची मळणी सुरू झाली आणि चिलटांनी उच्छाद मांडला. निदान माझ्यापुरता. ओट्यावर बसून मी दस्ती-रुमालाने हवा झोडपत होतो. शेजाऱ्याला सुनावलं, "तुमच्या खळ्यामुळं हे सगळं." त्या भल्या माणसाने कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला. खोकून दोघांची पुरेवाट झाली, चिलटं तशीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हार मानून मी मच्छरदाणीत शिरलो. बायको थेंब घालायला आली, कारण माझा थेंब नेमका नाकावर पडतो. तेव्हाही माझा हात चालूच होता.

"काय हाकलून राहिले?"

"चिलटं. दिसत न्हाई का तुला?"

तिने मच्छरदाणीत डोकं घालून चारी कोपरे पाहिले. "मला तं एकबी दिसंना. डावा डोळा झाका बरं."

झाकला. चिलटं गायब. उघडला, पुन्हा हजर.

"ठिपके दिसले की या म्हणल्या होत्या ना बाई?"

"ठिपके म्हणल्या होत्या. हे तर उडून राहिलेत."

तोंडाने वाद घालत होतो, पण डावा डोळा पुन्हा पुन्हा झाकून पाहत होतो. उजवा डोळा काचबिंदूने आधीच अर्धा खाल्लेला. डावा गेला तर पेपर कसा वाचणार, आणि हिच्याशी भांडायला मुद्दे कुठून आणणार?

तासाभरात आम्ही जीपमध्ये होतो. पडद्याला बारीक चीर सापडली, ती त्याच दिवशी लेसरने बंद केली. आणखी थांबला असतात तर पडदा सुटला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी बायकोकडे पाहिलं नाही. थेंब बदलून मिळाले. शेजाऱ्याची माफी अजून मागायची आहे.

परवा चहावर खरंच एक चिलट आलं. मी हात हलवला तशी बायको पिठाच्या हातांनीच धावत आली.

"किती हायत?"

"एक."

तिने माझ्या कपाकडे टक लावून पाहिलं. "व्हय. मलाबी दिसून राहिलं," म्हणाली, आणि माझ्या शेजारी मटकन बसली.