पाय धुण्याची तालीम

आमच्या चर्चमधली तरुण मुलं पुढच्या महिन्यात दहा दिवस आफ्रिकेतल्या एका खेड्यात सुवार्ता सांगायला जाणार आहेत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे तिथल्या म्हाताऱ्यांचे पाय ती धुणार. रविवारी उपासनेनंतर त्याचीच तालीम होती. तालमीला कुणाचे तरी पाय हवे होते, म्हणून झाडलोट करणाऱ्या सारामावशीला बोलावलं. ती आधी नळावर जाऊन टाचा दगडाने घासून आली. “पोरांना किळस नको यायला,” मला म्हणाली.

माझी लेक रिबेका तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. परातीत कोमट पाणी, मागे गिटार. मावशीचे डोळे भरून आले.

“मावशी, जरा पुढे सरका, फोटोत पाय येत नाहीत,” कुणीतरी म्हणालं. ती सरकली. पांढरा टॉवेल नवा होता, तिकडे न्यायचा होता, म्हणून त्याची घडी कुणी मोडली नाही.

नम्र व्हायलाही आम्हाला आता विमान लागतं. इथल्या पायांपुढे आज वाकलं, तर उद्याही वाकावं लागेल. परतीचं तिकीट हातात असलं की वाकणं सोपं जातं.

“मस्त झालं, तिथेही असंच करायचं,” म्हणत सगळी चहाला निघाली. सारामावशीने ओल्या पायांनीच परात उचलली, पाणी बाहेर ओतलं आणि फडकं घेऊन ती फरशी पुसायला बसली.

दारातून रिबेका वळून म्हणाली, “मावशी, खुर्चीखालीही सांडलंय हं.”