पायाखाली निघालेला म्हसोबा

आमचं घर काळ्या मातीवर होतं आणि पाया मुरुमापर्यंत गेलेलाच नव्हता. बांधताना चार पैसे वाचवायची अक्कल माझीच. पाचव्या वर्षी मागच्या भिंतीला अशी भेग पडली की स्वयंपाकघरातून बाहेरची बाभूळ दिसायला लागली. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, मी पिंपरीतल्या एका कंपनीत नुकताच कायम झालो होतो. फंडातून कर्ज काढलं आणि चाकणकडचा एक गवंडी ठरवला. भिंत बल्ल्यांवर तोलून धरायची, खालचा पाया थोडा थोडा उकरायचा आणि दगडात नवा भरायचा. सिमेंट, दगड, मजुरी, सगळा खर्च धरला होता. देव तेवढा धरला नव्हता.

चौथ्या दिवशी कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड निघाला. गवंड्यानं पहार ठेवली, वहाणा काढल्या.

"म्हसोबा हाय ह्यो. आता हितं पहार न्हाई मारायचो मी."

मला हसूच आलं. आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली त्या आठवड्यात माझ्या आईनं देवांचे टाक स्वतःच्या हातानं इंद्रायणीत सोडले होते. मी म्हणालो, "दगडच आहे ना? मग टाका पायाच्या भरावात." गवंडी थैली उचलून चालता झाला. आणखी दोघांना आणलं. दगड बघून तेही गेले.

मग गावचे एक जुने कारभारी आले आणि त्यांनी उपाय सांगितला. वेशीजवळ ओटा बांधून दगड बसवायचा, बकरं कापायचं, गावाला जेवण घालायचं. सगळा खर्च माझा. मी नाही म्हणालो आणि आठ दिवस नाहीच म्हणत राहिलो.

नवव्या दिवशी एक बल्ली घसरली. भिंतीचा मोठा तुकडा चुलीवर कोसळला. बायको पाण्याला गेली होती म्हणून वाचली. तिनं आल्याआल्या पोरांची अंथरुणं अंगणात नेऊन टाकली. मी हरलो. पैसे कारभाऱ्यांच्या हातात दिले. आईला सांगताना मान वर होत नव्हती.

ती म्हणाली, "पैशे दे. हात मातुर जोडू नगंस."

रविवारी बकरं होतं. आमची सुट्टी गुरुवारची, म्हणून खाडा केला. मी हात जोडले नाहीत आणि त्याचा मला केवढा अभिमान! पंगत बसली तसा मीही टोकाला जाऊन बसलो. कारभारी जवळ आले आणि अगदी आदबीनं म्हणाले, "तुमी कशाला ताटकळता, भाऊ? घरनं भांडं घिऊन या, वाढून देतो."

पत्रावळ्यांची चळत माझ्यासमोरच पडली होती. मी उठलो. तोंड मात्र उघडलं नाही. उघडलं असतं तर गवंडी पुन्हा आमच्या दारात आला नसता.

आई उंबऱ्यात बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"बकरं तुझ्या पैशाचं ना?"

"हो."

"मग भांडं घरचं का?"

भांडं काही मी नेलं नाही. सोमवारी सकाळी गवंडी वेळेवर हजर झाला. तो आला म्हणून मला हायसं वाटलं, याची लाज मला आजही वाटते.