खालच्या धोंड्यावरची खूण

ट्रायपॉड उभा करताना त्याचा स्क्रू माझ्या हातून दोनदा सुटला. वाऱ्यामुळे होतंय, असं मी दिरांना सांगितलं. वारा होताच. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, आणि वाडीसमोर, ओढ्याच्या पलीकडे, एक उघडा कातळ आहे. वैशाखात सकाळी आठनंतर तिथे दरीतून वारा चढायला लागतो. पण घरी पिशवी भरतानाही तो एकदा सुटला होता.

माझे यजमान पौषात गेले. महाडच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं भूगोल शिकवला आणि मी तिथलंच ग्रंथालय सांभाळलं. वाडीतल्या त्यांच्या घरी धाकटे दीर आणि जाऊ राहतात. त्या घराच्या मागे डोंगर आहे आणि डोंगराच्या मध्यावर एक भेग आहे. दोन वर्षांपूर्वी गवत कापताना ती पहिल्यांदा दिसली. तेव्हा विळ्याचं टोक आत जाईल एवढीच होती. गावात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. ह्यांनी घेतलं. वहीत भेगेचं चित्र काढलं आणि त्या दिवसापासून वर्षातून दोन-तीनदा समोरच्या कातळावरून डोंगराचा फोटो काढायला सुरुवात केली.

फोटो देखाव्यासाठी नव्हता. भेगेच्या वर पक्का कडा आहे, तो हलणार नाही असं त्यांनी धरलं होतं. त्या कड्यावर त्यांनी चुन्याचा ताटाएवढा गोल काढला. भेगेच्या खाली, घराच्या बरोबर डोक्यावर, एक मोठा धोंडा आहे, त्यावर दुसरा गोल. दोन गोलांमधलं अंतर वाढलं, तर खालचा उतार सरकतोय. एवढं साधं गणित. पण ते गणित खरं ठरायचं तर कॅमेरा दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच दिशेला असायला हवा. कातळावर ट्रायपॉडच्या तीन पायांसाठी त्यांनी छिन्नीने तीन खळगे केले होते. कॅमेऱ्यातून एक वायर निघून टॅबमध्ये जायची, म्हणजे कॅमेऱ्याला दिसतं ते टॅबवर मोठं दिसायचं आणि त्यावर जुना फोटो पातळ करून ठेवता यायचा, ट्रेसिंग पेपरसारखा. नवं आणि जुनं चित्र एकमेकांवर बसेपर्यंत कॅमेरा केसाकेसाने हलवायचा.

हे सगळं मी त्यांच्या शेजारी छत्री धरून पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. हात लावायची हिंमत झाली नव्हती. शेवटचा फोटो दिवाळीनंतरचा होता. पुढचा पावसाआधी काढायचा, असं वहीत लिहिलेलं होतं. तारखेची जागा मोकळी होती.

"वयनी, डोंगर काय पळून चाललाय?" दीर म्हणाले. त्यांनी माझी पिशवी उचलून आणली होती आणि आता छत्री उघडून उभे होते. "दादा दर खेपेला हेच करायचा. मी म्हटलं, ह्या तीन पायांच्या घोड्यावर बसून कुठं जाणार हायेस?"

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणतोय. म्हणाला, तू छत्री नीट धर."

मी हसले. ते हसले नाहीत.

टॅब बसवण्यासाठी एक लोखंडी हात होता. त्याचं एक टोक ट्रायपॉडच्या पायाला चिमट्यासारखं आवळायचं आणि दुसऱ्या टोकाच्या पकडीत टॅब धरायचा. मी तो आवळला, टॅब बसवला, आणि वायर जोडायला कॅमेऱ्याकडे वळले. तेवढ्यात सगळंच दरीकडे कलायला लागलं. आवाज काहीच नव्हता. दिरांनी छत्री सोडून ट्रायपॉडची मान धरली. छत्री ओढ्यात गेली.

मी कातळावर बसून राहिले. कॅमेरा फुटला असता तर पुन्हा घेता आला असता, पण त्या कॅमेऱ्याच्या भिंगातून काढलेले जुने फोटो दुसऱ्या भिंगातल्या चित्रावर बसवता आले नसते. निदान मला आले नसते. मग वाडीवर काय चाललंय ते कोणालाच कळलं नसतं. वही काढून वाचली. त्यांच्या बारीक अक्षरात होतं: टॅब नेहमी डोंगराकडच्या पायावर, दरीकडच्या नाही. ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला दगडांची पिशवी लटकवायची. वायर पायाभोवती एक वेढा देऊन मगच कॅमेऱ्यात, म्हणजे ओढ बसली तरी कॅमेऱ्याला बसणार नाही. हे सगळं मी पूर्वी वाचलं होतं. वाचलेलं हातात उतरत नाही, हे मला ग्रंथालयातल्या इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा सगळं नीट बसलं. दिरांनी डोक्यावरचा पंचा सोडून टॅबवर सावली केली, तरी पडद्यात मला आधी माझाच चेहरा दिसला. मग हळूहळू डोंगर. दिवाळीनंतरचा फोटो हिरवट पिवळा, आजचा करडा. कडा कड्यावर बसला. आंबा आंब्यावर बसला. घराची कौलं कौलांवर. वरचा चुन्याचा गोल, पावसाने फिका झालेला, जुन्या गोलावर बरोबर पडला.

खालचा गोल पडला नाही.

तो खाली होता. करंगळीच्या एका पेराइतका. जुना गोल एका जागी आणि त्याच्या खाली थोडा डावीकडे नवा, पांढराशुभ्र. मी कॅमेरा काढला, पुन्हा बसवला. पाय खळग्यात आहेत का बोटांनी चाचपून पाहिलं. पुन्हा कडा, पुन्हा आंबा, पुन्हा कौलं. पुन्हा तेच. वहीत हिशेब लिहिलेला होता: पडद्यावरचं एक पेर म्हणजे तिथे माणसाच्या कमरेइतकं.

ओढ्यापलीकडे जाऊ अंगणात आमसुलं वाळत घालत होती. तिच्या मागे घर, घरामागे तो उतार. मला तिला हाक मारायची होती, पण हाकेने काही होईल, वरून काही सुटेल, असं वाटलं, आणि मी गप्प राहिले. एवढी वर्षं पुस्तकांत घालवलेली बाई मी. तरी वाटलं.

"काय झालं?" दिरांनी विचारलं.

मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग पंचा झटकला.

"वयनी, धोंडा कमरेइतका खाली आला असता तर आमी बघितलं नसतं? गुरं जातात तिथून."

"फोटोत दिसतंय, भाऊजी."

"फोटूत मी पण गोरा दिसतोय."

सामान आवरून आम्ही घरी निघालो. मी त्या उताराखालच्या पायवाटेने चालताना वर पाहिलं नाही. पडवीत बसल्यावर मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पावसाआधी त्यांनी घर सोडावं, चार महिने महाडला माझ्याकडे राहावं. भात लावायला तिथून रोज येता येईल.

"तुमच्याकडं?" दीर म्हणाले. "तुमच्याकडं पावसाळ्यात पाणी शिरतंय, तुमी पुस्तकं माळ्यावर चढवता. आमच्याकडं डोंगर. माणसानं जावं कुठं?"

"पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतं. वरच्या मजल्यावर येत नाही. आणि येताना दिसतं."

जाऊ पाणी घेऊन आली होती. तिने टॅबकडे पाहिलं, मी तिला काय झालं ते सांगितलं, बोटाने दोन्ही गोल दाखवले. ती वाकून पाहत होती. मग तिने पदर तोंडाला लावला.

"ताई, ती खूण मी केली," ती म्हणाली.

तिचं म्हणणं असं होतं. घरात दुःख झालं म्हणून यंदा शिमग्याला घराला चुना लावायचा नव्हता. वर्षभर सण नाही. पण चुना तर आधीच आणून मडक्यात भिजवला होता. तो तसाच पडून राहिला. मग चैत्रात खालच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना आग गवताला लागली आणि उतारावर चढली. आग विझल्यावर तिने अंगणातून वर पाहिलं, तर दादांची पांढरी खूण दिसेना. सगळे धोंडे काळे झालेले. तिला ते बघवलं नाही. माणूस गेला, आता त्याची खूणही जळली. दुसऱ्या दिवशी ती मडकं घेऊन एकटीच वर गेली आणि तिला जो धोंडा त्यांचा वाटला, त्यावर तिने गोल काढला. दादांनी काढला होता तसाच, ताट ठेवून, कडेने.

"घराला लावायचा नव्हता," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांच्या कामाला तरी लागंल."

"मला सांगितलंस का गो?" दीर म्हणाले.

"तुमी हसला असता."

मी पुन्हा टॅब घेतला. दिवाळीचा गोल जिथे होता तिथे आजच्या फोटोत काय आहे ते मोठं करून पाहिलं. काळवंडलेला एक धोंडा होता. त्याची वरची कड, उजवीकडची खाच, सगळं जुन्या धोंड्यावर बसत होतं. पडद्यावर दोन्ही कडा मिळून एक जाडसर रेघ दिसत होती. ती रेघ वाऱ्याने कॅमेरा हलल्यामुळे जाड होती, की धोंडा दोन बोटं खाली आला होता म्हणून, हे मला सांगता येईना. वहीत त्याबद्दल काही नव्हतं.

"म्हणजे नाय सरकला," दीर म्हणाले. त्यांचे खांदे खाली आले.

मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर आम्ही तिघं जेवलो असतो आणि मी दुपारच्या एसटीने महाडला परत गेले असते. उलट, सरकला असं म्हणायचीही मला भीती वाटत होती. माझ्या एका शब्दावर दोन माणसं चार महिने घर सोडणार, आणि काहीच झालं नाही तर गावात त्यांचं हसं होणार. मी दोन्ही म्हटलं नाही. मला कळत नाही, एवढं सांगितलं. यजमान असते तर त्यांना कळलं असतं का, तेही मला माहीत नव्हतं, आणि तेही मी बोलून दाखवलं.

जाऊ अजून उभीच होती. तिने लोटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"चुना घेऊन गेले तवा माझा पाय भेगेत गेला होता," ती म्हणाली.

"कुठल्या भेगेत?"

"त्याच. मडकं डोक्यावर, खाली बघायला जमंना. वाटलं नेहमीसारखी टांग टाकू. तर पाय आत गेला. हितपर्यंत." तिने गुडघ्याच्या वर हात लावला. "गवत जळल्यावर दिसली तवा केवढी तरी दिसली. मला वाटलं, गवतानं आधी झाकलेली असंल."

"आणि तू सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"कोणी इचारलं नाय, ताई. दादा असते तर इचारलं असतं."

दीर उठले. कोपऱ्यातली पहार घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. जाऊ त्यांच्या मागे गेली. मी जाऊ शकले नाही. पडवीत बसून मी त्यांच्या पावलांचे आवाज ऐकत राहिले, मग तेही थांबले. चुलीवर भात होता. तो करपल्याचा वास आला तेव्हा मी आत जाऊन पातेलं उतरवलं. मागची भिंत मातीची आहे. मी भिंतीला हात लावला आणि लगेच काढला. ती थंड होती, दुसरं काही नाही. तरी पुन्हा हात लावायचं धाडस झालं नाही. ती दोघं वर आहेत आणि मी खाली, एवढंच डोक्यात फिरत होतं. आत्ता काही झालं तर कोण कोणाला शोधेल, हा विचार मी तीन-चारदा केला.

अर्ध्या तासाने दीर परत आले, मागून जाऊ. पहार मातीने भरली होती, जवळजवळ पूर्ण. त्यांनी ती भिंतीला टेकवली नाही, अंगणात आडवी ठेवली. घोटभर पाणी प्यायले. डोळे माझ्याकडे नव्हते.

"तळ लागत नाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बाकीच्या घरांना तुमीच सांगा वयनी. माझं कोण ऐकायचं नाय. तुमचं ऐकतील, तुमच्याकडं फोटू हाय."

"फोटोत काही दिसत नाही, भाऊजी."

"तिला घेऊन जा मग. तिचा पाय दाखवा."

जाऊ पहिल्यांदा हसली, अगदी थोडं. वर खोचलेल्या लुगड्यातून तिच्या गुडघ्याच्या वर चुन्याने पोळल्यासारखा एक डाग दिसत होता. मी तो सकाळपासून पाहिलाच नव्हता.

वाडीत आणखी सात घरं आहेत. आम्ही दोघी उन्हात एकेका दारी गेलो. टॅब मी पिशवीतच ठेवला. जाऊ बोलली, मी शेजारी उभी राहिले. चार घरांनी ऐकून घेतलं. दोघांनी, बघू, म्हटलं. एका घरात कोणी नव्हतं, ते मुंबईला होते. त्यांना फोन लावला तर लागेना.

परत आलो तेव्हा दीर गोठ्यातून म्हशी सोडत होते. गुरं पहिली खाली न्यायची, हमरस्त्याच्या बाजूला त्यांच्या साडूंच्या गोठ्यात, मग भांडी, मग माणसं, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या म्हशीच्या गळ्यात घंटा होती. उताराखालच्या वाटेवर आलो तशी त्यांनी ती घंटा मुठीत धरली आणि तिथून खाली ओढ्यापर्यंत तशीच धरून चालले. आम्ही पाय उचलून, दगड हलणार नाही असे टाकत, त्यांच्या मागून गेलो.