आधी कागद, मग स्वेटर

हेंद्रेपाड्यात आमच्या शेजारचा एक तरुण अंबरनाथला कारखान्यात सायकलवरून जाई. थंडीत तो बनियन, त्यावर वर्तमानपत्राचा कागद, मग शर्ट, स्वेटर आणि वर रेनकोट घाली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ऊन लागलं की परत येऊन स्वेटर आमच्या फाटकावर टाकी. ढग आले की पुन्हा न्यायला येई. "राहू दे हां काकू, टेन्शन नको." मला रोज वैताग!

एका धुक्याच्या सकाळी तुमच्या आजोबांना दम्याने श्वास पुरेना आणि रिक्षाही मिळेना. हा त्यांना दवाखान्यात न्यायला सायकल घेऊन आला, पण त्यांना कॅरिअरवर बसवण्याआधी स्वतःचे कपडे उतरवून त्यांना घालू लागला.

"अरे, निघ आता! जीव कासावीस झालाय त्यांचा."

"थांबा काकू, आधी कागद. छातीला वारा लागायला नको."

बटणंसुद्धा सावकाश लावली आणि नुसत्या बनियनवर निघाला.

"अरे, तू तरी काहीतरी घाल!"

"पेडल मारून मी तापेन. मागे बसणारा गारठतो."

आजोबा दुपारी बरे होऊन परतले. तो मात्र आठवडाभर शिंकत होता. मी काढा घेऊन गेले तर म्हणाला, "सर्दी नाही काकू, ही धुळीची ॲलर्जी आहे."